उजवीकडे सरकवलं असतं तर

तो पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या लेकीला, सृष्टीला ताप होता, आणि माझं निम्मं लक्ष दुकानातल्या फोनकडे. २००२ साल. पंचवटी कारंज्याजवळच्या टायपिंगच्या दुकानात मी दिवसभर लोकांचे प्रबंध टाइप करायचे.

"ही फ्लॉपी तुमच्याकडे उघडते का बघाल?"

उघडली. सगळा मजकूर एकाच ओळीत, स्क्रीनच्या उजव्या कडेतून बाहेर पळालेला. मध्ये मध्ये काळे चौकोन.

"बिघडलीय," मी म्हटलं.

"नाही हो. आमच्या कॉम्प्युटरवरचं लिनक्स ओळ संपली की एकच खूण ठेवतं. तुमच्या विंडोजला दोन लागतात. एकटी खूण दिसली तर ते थांबतच नाही."

"एकटीसाठी कोण थांबतं..." मी बोलून गेले, आणि एकेक चौकोन पुसून एन्टर दाबत राहिले.

ज्ञानेश मूळ सटाण्याचा, इथल्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायचा. दर गुरुवारी नवी फ्लॉपी — प्रश्नसंच, नोटिसा. आल्या आल्या आधी सृष्टीची चौकशी, मग काम. मी टाइप केलेलं त्याच्याकडे उघडलं की विंडोजची ती दुसरी खूण प्रत्येक ओळीच्या शेवटी इंग्रजी एम होऊन दिसायची.

"तुमच्या एमनी वात आणलाय," तो म्हणायचा. "पण मी पुसत नाही."

एका दुपारी, बाहेर पागोळ्या गळत होत्या, तो हळूच म्हणाला, "खरं सांगू? हे चौकोन काढणं एका कमांडचं काम आहे."

"मग तीन महिने माझी बोटं का मोडलीत?"

"कमांड दिली असती तर... इथं कशाला आलो असतो?"

मी स्क्रीनकडेच बघत राहिले. कान मात्र तापले होते.

पुढच्या गुरुवारी तो बसलाच नाही. फ्लॉपी ठेवली. "निवांत असाल तेव्हा उघडा."

इंग्रजी अक्षरांतलं मराठी — रूपाली, मला सटाण्याला नोकरी लागली, शनिवारी निघतोय... पुढचं उजव्या कडेपलीकडे.

मी सरकवलं नाही. सृष्टीचे बाबा गेले त्या वर्षी दवाखान्याचा प्रत्येक कागद मी शेवटपर्यंत वाचला होता. तेव्हापासून वाईट बातमीची चाहूल लागली की तिथंच थांबायचं, ही सवय. फाईल बंद केली.

शनिवार गेला. त्यानंतर चार गुरुवार गेले.

मग एकदा गिऱ्हाइकाला कोरी फ्लॉपी हवी होती; हाताशी त्याचीच उरली होती. पुसण्याआधी तीच फाईल उघडली. पहिला चौकोन पुसला, एन्टर. दुसरा, एन्टर. अकरा ओळी झाल्या.

सृष्टीला घेऊन चार वाजता स्टँडवर ये. आईला तुमच्या दोघींबद्दल सांगितलंय. आली नाहीस तर समजेन, पुन्हा विचारून त्रास देणार नाही.

त्या शनिवारी चार वाजता मी सृष्टीच्या बुटांच्या नाड्या बांधत होते... स्टँडपासून दहा मिनिटांवर.

मी उत्तर टाइप केलं. आमच्या दोघींचं, होकाराचं. ती कमांड कोणती, हे कधी विचारलंच नव्हतं. तशीच फ्लॉपी पाकिटात घालून, कॉलेजातून मिळवलेल्या त्याच्या सटाण्याच्या पत्त्यावर पोस्टात टाकली.

त्याच्याकडे प्रत्येक ओळीच्या शेवटी एम दिसेल. आता त्यानं तो पुसला... तरी मी काही म्हणणार नाही.