अर्ध्या सिनेमांचं खोकं

दोघांनी एकाच वेळी एकच माळ धरली, आणि दोघांपैकी कुणीच ती सोडेना.

माळ फुलांची नव्हती. फुलांच्या माळा तर मी रोज ओवते. अकोल्याच्या जनता बाजारात आमचं फुलांचं दुकान आहे. ही माळ सीडींची होती. बाजाराच्या टोकाला एक भंगारवाला जुन्या सीडी सुतळीत ओवून विकायचा. ज्वारी दाण्यावर आली की तेल्हाऱ्याकडचे लोक त्या घेऊन जात. शेतात टांगल्या की उन्हात चकाकतात आणि पाखरं बिचकतात.

"सोडा न," तो म्हणाला.

"तुमी सोडा. मी आधी धरली."

"पाखरं लय झाली का तुमच्या वावरात?"

"पाखरांसाठी नाई पाहिजे. मधातली ती एक पाहिजे."

त्याने माळ थोडी फिरवली. मधल्या सीडीवर हिरव्या शाईने लिहिलं होतं – 'बर्फाचा कारखाना'. अक्षर सीडी लायब्ररीवाल्या रहीमचाचांचं. सिनेमाचं खरं नाव ते कधीच लिहीत नसत. सिनेमात जे लक्षात राहील ते लिहायचे. कोपऱ्यात पुसट झालेला आकडा होता, दोनचा.

"दोन हाये," तो हळूच म्हणाला आणि त्याने हात काढून घेतला. "मले एक पाहिजे होती. दोन हाये मायाजवळ. घ्या तुमी."

मी माळ तशीच धरून उभी राहिले. हातात झेंडूचा वास, उन्हात डोळ्यांवर येणारी ती तिरीप... "एक माझ्याजवळ आहे," मी म्हटलं.

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी जुन्या शहरातल्या का? पुलाजवळच्या?"

"तुमाले कसं माहीत?"

"बाप्पा!" तो हसला. "म्हणजे चाचा सांगत ते तुमीच. पहिल्या सीडीवाले!"

हे समजायला रहीमचाचांचा धंदा कसा चाले, ते सांगायला हवं.

अब्दुल रहीम यांची सीडी लायब्ररी आमच्या लहानपणी सगळ्यांना ठाऊक होती. मारधाडीचे सिनेमे त्यांचे खास. नव्वद सालानंतरचे, हिंदीतले आणि हिंदी बोलणाऱ्या चिनी माणसांचे. पण प्रत्येक सिनेमाची चांगली चालणारी प्रत एखादीच असायची आणि शनिवारी मागणारी घरं पुष्कळ. तेव्हा सिनेमा दोन सीडींवर यायचा, मध्यंतरापर्यंत एक आणि पुढे दुसरी. चाचांनी युक्ती काढली. आठ वाजता पहिली सीडी एका घरी आणि दुसरी सीडी दुसऱ्या घरी द्यायची. तासाभराने लुनावरून जाऊन अदलाबदल करायची. दुसऱ्या घराला सिनेमा उलटा दिसायचा, आधी शेवट आणि मग सुरुवात. म्हणून त्या घराला भाडं कमी.

आमचं घर पहिल्या सीडीचं. अकोट फैलातलं त्याचं घर दुसऱ्या सीडीचं. वर्षानुवर्षं चाचांची लुना आमच्या दोघांच्या मधात धावली, आणि आम्ही एकमेकांना कधी पाहिलंही नाही.

"तुमच्या घरचे लोक लय हळू पाहायचे," तो म्हणाला. "आमचा खलनायक मरून जायचा तरी तुमची सीडी येत नसे."

"माझा भाऊ मारामारी पुन्हा पुन्हा पाहायचा. तुमच्याकडून सीडी यायची ती गरम अन् तेलकट."

"भजी राहायची न शनिवारी!"

त्याचं नाव धर्मपाल. अमरावतीला पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायच्या दुकानात कामाला होता आणि रविवारी आईला भेटायला अकोल्याला यायचा. मी नाव सांगितलं, "रागिणी." त्याने ते एकदा स्वतःशीच म्हणून पाहिलं. मी मुद्दाम माळेची गाठ सोडवत बसले.

लायब्ररी बंद झाली त्या वर्षी पुष्कळ काही बंद झालं होतं. कापसाचं वर्षामागून वर्ष वाईट गेलं, आणि बाजारात येणारा माणूस मीठमिरची घेऊन तसाच परत जाऊ लागला. लग्नं देवळात उरकू लागली, मग मांडवाला फुलं कोण घेणार? सिनेमा तर कुणालाच नको होता. चाचा मुलीकडे बऱ्हाणपूरला निघाले. जायच्या दिवशी आठवणीने दोन जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी एकेक खोकं देऊन गेले. हाताला इतकी सवय झालेली की पहिल्या सीडींचं कपाट आमच्या खोक्यात रिकामं केलं आणि दुसऱ्या सीडींचं त्यांच्या. उरलेल्या जास्तीच्या सीडी भंगारात गेल्या.

खोक्यात सगळ्या पहिल्याच सीडी आहेत हे मला कळलं तेव्हा मनोज, माझा भाऊ, सुरतेला जाऊन महिना झाला होता. कापडाच्या कारखान्यात काम मिळालं होतं त्याला. तो निघाला तेव्हा मी स्टेशनवर त्याची पिशवी धरून उभी होते. 'नको जाऊ' असं ओठांवर होतं, पण मी पाणी भरून आणते म्हणाले. पाणी घेऊन आले तर गाडी हलली होती. आई मी लहान असतानाच गेलेली. घरी बाबा आणि मी. बाबा मुळातच कमी बोलणारे, मीही त्यांच्यावर गेलेली. दिवेलागणीनंतर मी खोकं उघडायची आणि एक सीडी लावायची. नायक मार खाऊन दरीत पडायचा, त्याच्या तोंडावर पाणी टपकायचं... आणि पडदा निळा व्हायचा. पुन्हा दुसरी सीडी, पुन्हा दुसरा नायक दरीत.

"मायाकडे तर सगळे जिंकतेत," धर्मपाल म्हणाला. "धाडधाड जिंकतेत. पण काहून मारून राहिले, तेच आठवत नाई आता."

त्याचे वडील गेल्यावर आईची अन् त्याची खोली वेगळी झाली. ती इथे, तो तिथे. अमरावतीच्या त्याच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि ते खोकं. हे त्याने हसत सांगितलं. मी हसले नाही, तेव्हा तोही थांबला.

पुढच्या रविवारी तो दुकानासमोर आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सीडी त्याने तराजूच्या पारड्यात ठेवली.

"पुलावरून ट्रक उडवते तो. दोन नंबर."

मी गल्ल्यामागून 'पुलावरचा ट्रक', एक नंबर, काढून दिली. "पुढच्या रविवारी परत पाहिजे."

"तुमालेही परत द्या लागन."

असं आमचं सुरू झालं. रविवारी एक सिनेमा. एका दिवसात सगळं खोकं अदलाबदल करता आलं असतं, हे दोघांनाही कळत होतं. दोघेही ते बोललो नाही. त्याने मला ओरखडे गेलेल्या सीडीला दातांची पेस्ट लावायला शिकवलं, मधून कडेकडे, हलक्या हाताने. मी त्याला सुईने शेवंती ओवायला दिली. पहिलंच फूल त्याने मधोमध फाडलं.

"मोटारीची तार गुंडाळता न तुमी? इतकी नाजूक?"

"तार रागावत नाई अशी पाहून," तो म्हणाला.

"मी कुठं रागावली?"

"मंग हे डोळे असेच असतेत का?"

माझ्या हातातली सुई दोऱ्यातून निसटली. बाबा पलीकडे झेंडूचे ढीग लावत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण पाण्याचा हबका मारताना तो नेमका धर्मपालच्या चपलांवर पडला.

थंडीत फुलं ताजी राहतात, म्हणून मला हिवाळा आवडतो. त्या वर्षी जरा जास्तच आवडला. सोमवारपासून शनिवारपर्यंतचे दिवस मात्र लांबत गेले. गिऱ्हाईक नसलं की बाजाराला एक पोकळ आवाज येतो – ताडपत्री फडफडते, कुणीतरी खोकतं, तराजू वाऱ्याने हलतो. मी बसून राहायची. मनात मात्र त्याच्याशी बोलणं चालू. रविवारी तो समोर आला की त्यातलं काहीच तोंडातून निघायचं नाही. मी विचारायची, "सीडी अडकली तर नाई न?"

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी तो आला तो रिकाम्या हाताने.

"अमरावतीचं दुकान बंद होऊन राहिलं," तो म्हणाला. "विहिरीवरच्या मोटारी जळल्या तरी लोक आणत नाईत आता. पुण्याकडे, चाकणला काम हाये. बुधवारी निघतो."

"हो का," मी म्हटलं.

"आईले मावशीकडे ठेवतो. जम बसला का घेऊन जाईन."

"बरं होईन."

तो थोडा वेळ उभा राहिला. मी हार करत होते. कुणाचा, कशासाठी, आठवत नाही.

"अन् खोकं... तुमाले देऊन जातो. बुधवारी दुपारी स्टँडवर या. तुमचे सिनेमे तरी पुरे होतीन."

मी मान हलवली. तो गेल्यावर पाहिलं, तर हारात नुसती पानंच पानं ओवली होती.

बुधवारी मी बस स्टँडवर गेले ते रिकाम्या हाताने. बस लागलेली होती. धर्मपाल खिडकीशी बसला होता. मला पाहून त्याने खोकं खिडकीच्या गजावरून बाहेर काढलं, सुतळीने चारही बाजूंनी बांधलेलं. मी ते घेतलं. जड होतं.

"सगळे हायेत," तो म्हणाला. "बर्फाचा कारखाना वर ठेवला, तुमच्याजवळ हाये तरी. सावकाश पाहा."

"हो."

"पेस्ट जास्त नोका लावू."

"नाई लावत."

ड्रायव्हर चढला. इंजिन घरघरलं आणि खिडकीची काच थरथरायला लागली. माझ्या ओठांवर नेहमीचं येऊन बसलं होतं – पाणी आणू का? मी तोंड उघडलंही. खाली, फलाटावरच्या नळाशी, पाणी वाहत होतं. मी त्या नळाकडे पाहिलं. गाडी पुन्हा हलेल. मी पुन्हा बाटली धरून उभी असेन.

"धर्मपाल," मी हाक मारली. आजवर मी त्याला नावाने हाक मारली नव्हती.

"काय?"

"मले हे खोकं नाई पाहिजे."

त्याचा चेहरा उतरला. "काहून?"

"मले तू पाहिजे."

हे मी मोठ्याने बोलले, कारण इंजिनाचा आवाज मोठा होता. पण नेमकं त्याच वेळी ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, कुणीतरी माणूस चढायचा राहिला होता. माझे शब्द बसभर गेले. पुढच्या सीटवरची म्हातारी वळून पाहायला लागली. मागून कुणीतरी हळूच शिट्टी मारली. धर्मपालचे कान लाल झाले, आणि मला वाटलं की आत्ता, इथंच, फलाट फाटावा.

"पोट्टी काय म्हणून राहिली, आयकलं का?" म्हातारी त्याला म्हणाली. "तोंडात मूग हायेत का तुह्या?"

"आयकलं न आजी."

"मंग सांग तिले काहीतरी!"

कंडक्टर दारात उभा होता. "भाऊ, बसता का उतरता? मले डबल बेल मारू द्या."

धर्मपालने खिडकीच्या गजावर हात ठेवला. त्याची बोटं काळी, तारेने चिरलेली. "उतरलो तर काम जाते," तो म्हणाला, "अन् काम गेलं तर तुह्या बाबासमोर कोणत्या तोंडानं उभा राहू?" मग एकदम खाली वाकून, फक्त मला ऐकू येईल असं – "मीच बोलणार होतो. तीन रविवार झाले. तू सीडीचं विचारते अन् मी सीडीचं सांगतो."

"मंग आता काय?"

"पाडव्याले येतो. सीडी परत घ्यायले नाई. विचारायले. रागिणी... घरी कठीण जाईन. मी बौद्ध हावो, तू माळ्याची."

"मले माहीत हाये. पहिल्या दिवशी नाव सांगितलं तवाच माहीत झालं."

"अन् तरी?"

"तरी."

घंटी वाजली. त्याने गजातून बोटं पुढे केली. मी त्यांना हात लावला, एकदाच, तेवढ्यात बस मागे सरकू लागली. म्हातारीने खिडकीतून मला हात केला. तो मात्र काही करू शकला नाही, नुसता पाहत राहिला. वळणावर बस दिसेनाशी झाली. डिझेलचा वास खूप वेळ तिथेच होता.

घरी पोचले तेव्हा बाबा अंगणात उद्याची शेवंती निवडत बसले होते. मी खोकं ओट्यावर ठेवलं आणि पाय धुण्याआधीच त्यांच्यासमोर बसले. थांबले असते तर पुन्हा गप्प झाले असते.

"बाबा, तो रविवारी येते न, त्याचं नाव धर्मपाल. मले त्याच्याशी लग्न करायचं हाये."

बाबांच्या हातातलं फूल हातातच राहिलं. त्यांनी ते टोपलीत टाकलं. दुसरं घेतलं, उलटसुलट पाहिलं, बाजूला ठेवलं.

"अकोट फैलातला?"

"हो."

"लोक बोलतीन."

"हो."

"फुलं घ्यायले येत नाईत लोक," बाबा म्हणाले, "बोलायले बरोबर येतीन." पलीकडच्या घरात कुकरची शिट्टी झाली. बाबांनी टोपली पायाने थोडी माझ्याकडे सरकवली, जशी ते मला कामाला बसवताना सरकवतात. मी मूठभर शेवंती मांडीवर घेतली.

"मी काही हो म्हटलं नाई," ते म्हणाले.

"हो."

"तुह्या आत्याले काय सांगू, मले समजत नाई." त्यांनी डोळे पुसले, नाहीतर घाम असेल. "पोरगा कसा हाये? रागीट हाये का?"

"नाई. हसते. सारखं हसते. अन् आईले फार जपते. अन् बाबा, तुमी त्याच्या पायावर पाणी मारलं होतं न, तवा तो म्हणे..." मी थांबले. इतकं एका दमात मी या घरात कधी बोलले नव्हते.

बाबा फुलं निवडत होते. मान खाली, हात चालू.

"मंग?" ते म्हणाले. "काय म्हणे?"