कालचा हार

झेंडूची टोपली कमरेवर घेऊन प्रतीक्षा तळघराच्या पायऱ्या उतरत होती. तिसऱ्या पायरीवर ती थांबली. भिंतीचे पोपडे उडून थेट तिच्या फुलांवर पडले होते.

"काहून जी, फुलाइले चुना लावून राहिले का?"

जीवन हातोडा-छिन्नी धरून वळला. "आजपासून इथं फुलं नाई ठेवायची. हे आता घर होऊन राहिलं."

"घर? कोनाचं?"

"माहं."

"मंग बायको बेडकी करा. दुसरी कोनी नाई राहत बापा इथं!"

जीवनचे वडील गेल्यावर वरचं घर थोरल्या भावाला, अमोलला मिळालं आणि जीवनच्या वाट्याला हे तळघर आलं होतं. प्रतीक्षाचे वडील शेषराव चांदूर बाजारच्या मळ्यातली फुलं अमरावतीत विकायचे आणि उरलेली इथं ठेवायचे. तळघरात फूल दोन-दोन दिवस टवटवीत राहायचं.

आपल्या रिकाम्या टोपल्या न्यायला म्हणून प्रतीक्षा त्या महिन्यात पाच वेळा आली. टोपल्या दोनच होत्या.

चैत्रात जुना गिलावा सगळा निघाला, विटा उघड्या पडल्या. तिनं भिंतीला तळहात लावला. "हिले एक उन्हाळा अशीच राहू द्या. वाळली की चुन्याचा गिलावा करा."

"एक उन्हाळा? तोवर तुले कोनी घिऊन गेलं मंजे?"

ती भिंतीकडेच बघत राहिली. "माही खाट इथं टाका… झरोक्यातलं ऊन इथंच येते."

वैशाखातल्या एका रविवारी सोयरिकीसाठी तिच्या घरचे घर पाहायला येणार, असं ठरलं. जीवनला धीर निघाला नाही. ओल्या विटांवरच त्यानं सिमेंट मारलं, वर रंगाचे दोन हात दिले. भिंत आरशासारखी झाली. शनिवारी सकाळी प्रतीक्षानं गुंफलेला मोगऱ्याचा हार त्यानं त्या भिंतीवर खिळ्याला अडकवला.

रविवारी दुपारी शेषराव आले, सोबत तिचे मामा नत्थुजी. चहा आला.

"भिंत झकास केली," शेषराव म्हणाले. मग त्यांची नजर हारावर थांबली. "हा कवाचा?"

"कालचा, सकाळचा," जीवन अभिमानानं म्हणाला.

शेषराव उठले. एक कळी त्यांनी बोटांत धरली. चाळीस वर्षं त्यांनी फुलंच विकली होती. "वैशाखात मोगरा दुपार काढत नाई, बापू. हा कालचा, अन् अजून हसून राहिला."

त्यांनी भिंतीवर अंगठा दाबला. रंगाचा फुगा फुटला, आतून पाणी आलं.

"मी इथं फुलं ठेवत होतो," ते म्हणाले. "पोरगी नाई ठेवत."

चहा तसाच राहिला. त्यावर साय धरली.

घरी प्रतीक्षा रडली, भांडली, एक उन्हाळा मागितला. पण नत्थुजींनी अकोल्याचं स्थळ आणलंच होतं. तिनं जीवनला एकदाच फोन केला. "मी मनलं होतं ना… वाळू द्या मनून?"

मार्गशीर्षात ती लग्न होऊन अकोल्याला गेली.

जीवननं सिमेंट उकरून काढलं. पुढचा सारा उन्हाळा भिंत उघडी ठेवली, मग चुन्याचा गिलावा केला. त्याच्या पुढच्या वैशाखात बाजारातून हार आणला आणि त्याच खिळ्याला लावला. दुपारपर्यंत तो सुकून तांबूस पडला.

संध्याकाळी पायऱ्यांवर पावलं वाजली. ती माहेरी आली होती. तिसऱ्या पायरीवर थांबली.

"कवाचा हार?"

"आज सकाळचा."

तिनं भिंतीकडे पाहिलं. "चांगली वाळली."

"खाली ये ना."

"नको…" तिनं खोलीभर नजर फिरवली. त्याची खाट पलीकडच्या भिंतीशी होती. "झरोक्यापाशी काहून नाई टाकली? ऊन येते तं."

"ते जागा तुह्या खाटेले दिली हाये मी."

तिनं कठडा घट्ट धरला. "हार काढा तो. सुकला हार घरात ठिवू नये."

ती वर गेली. जीवननं हार काढला. खिळा तेवढा राहू दिला.