कुमुदताईंची नऊपट जागा

इचलकरंजीच्या वाचनालयामागच्या खोलीत अनंतराव हुपरीकर सकाळपासून संगणकावर खोटी माणसं जन्माला घालत होते. एका वेळी पन्नास. प्रत्येक खोटं माणूस अर्ध्या मिनिटाला यंत्राला विचारायचं, ‘समोरचा कोण?’ आणि यंत्रानं लगेच सांगायचं.

शेजारी त्यांच्या पत्नी कुमुदताई मेथी निवडत होत्या. त्यांच्या कानामागे हरभऱ्याएवढी कानगोष्ट होती. स्मृती गेलेल्या माणसाला हळूच नाव, नातं, जुनी हकिगत सांगायचं काम ती करायची. गावातले दोनशे चाळीस जण तिच्या आधारावर आपल्या माणसांत वावरत होते, आणि त्या सगळ्यांचा कारभार या खोलीतला एकच लिनक्स संगणक बघायचा. सोमवारी तालुक्यातले आणखी चारशे जण येणार होते.

ते पेलेल का, हे बघायला दुसरं यंत्र नव्हतं. म्हणून अनंतराव चालत्या यंत्रावरच बेताबेतानं खोट्या माणसांचं ओझं वाढवत होते. टेलिफोन एक्स्चेंजमधली पस्तीस वर्षांची सवय होती ती. पन्नास वाढवायचे, पाच मिनिटं थांबायचं, आकडे वहीत लिहायचे, मग पुढचे पन्नास. पडद्यावर न दिसणारा एक आकडा मात्र ते बायकोकडून घेत: कानात उत्तर यायला किती वेळ लागतो तो.

“कुमुद, तुझ्या शाळेतल्या वर्गात उत्तर आधी लिहून मग गणित मांडायची, ती मुलगी कोण गं?”

“लता भोजे.” चटकन आलं.

दोनशेला असाच प्रश्न विचारला तर त्या क्षणभर थांबल्या. तीनशेला मेथीची काडी हातातच राहिली.

“रेंगाळतंय हो हे. तुमच्यासारखं म्हातारं झालं वाटतं.”

अनंतराव हसले, पण साडेतीनशेला त्यांचं हसू मावळलं. मेमरी काठोकाठ भरली होती आणि यंत्र आपला पसारा डिस्कवर हलवायला लागलं होतं. जागा अगदीच संपली की लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली सगळ्यांत जास्त जागा अडवणारा प्रोग्रॅम शोधते आणि कुणाला न विचारता बंद करते. प्रत्येकाच्या कानगोष्टीचा प्रोग्रॅम वेगळा होता; त्यांनी यादी उघडली. सगळ्यांत वर होतं, कुमुद हुपरीकर. इतरांच्या नऊपट.

बाकीच्यांच्या कानगोष्टी दर रविवारी न लागणारं झाडून टाकत. हिची झाडणी अनंतरावांनीच बंद ठेवली होती. वर तीन वर्षं रोज संध्याकाळी बसून फोटो, आवाज, हकिगती तिच्यात भरल्या होत्या. बायकोचं काही म्हणजे काही हरवू द्यायचं नव्हतं त्यांना.

त्यांनी गुपचूप एक ओळ टाइप केली, या प्रोग्रॅमला हात लावू नये. लगेच धोक्याच्या जागी दुसरं नाव आलं, शंकर तोडकर. यंत्रमागावर कापड विणण्यात जन्म काढलेला हा गडी पोटच्या मुलीलाही कानगोष्टीशिवाय ओळखत नसे. अनंतरावांनी लाजून ती ओळ पुसली आणि बायकोला सगळं सांगून टाकलं.

“नऊपट?” कुमुदताईंमधली गणिताची बाई जागी झाली. “एवढं मी काय साठवलंय?”

“तू नाही, मी. मिरज स्टेशनवरची आपली पहिली भेट, आपली भांडणं. अंबूचं जाणं.”

अंबू त्यांची मुलगी. सहा वर्षांची होऊन तापानं गेली होती.

“म्हणजे रोज सकाळी ती गेल्याचं मला नव्यानं कळत असणार, ते तुमच्यामुळं होय?”

आवाजात राग नव्हता, म्हणूनच त्यांना ते फार लागलं. हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

“भांडणं काढा,” त्या म्हणाल्या. “हसायची ती अंबू राहू दे. गेलेली काढा.”

“अगं, पुसलं की आपण असं ठरवलं होतं, हेही तुला आठवणार नाही.”

“तुम्हाला आठवेल ना? मग झालं. कधी सांगायचंच झालं तर तुमच्या तोंडून सांगा. कानात नको.”

अनंतरावांनी एकेक करून पुसलं. डोळ्यांतलं पाणी बाहीला पुसत शेवटचे पन्नास चढवले. चारशे झाले. पाच मिनिटं गेली, आकडे जागचे हलले नाहीत.

“झालं गं! पेललं.”

“पेलणारच.” त्या छान हसल्या, मेथी बाजूला सारून दाराकडे बघू लागल्या. “अहो, आपली अंबू कुठाय?”

अनंतरावांनी खुर्ची जवळ ओढली, कुमुदताईंचा हात हातात घेतला. तिनंच सांगितलं होतं, तोंडानं सांगा. पण काय सांगायचं, हसायची ती अंबू की गेलेली?