अर्ध्यावर तोडलेलं बोलणं

“मामंजी, मला तुमच्यासंगं जरा बोलायचं हाय…” असं म्हणून चंद्राबाई सोप्याच्या खांबाला धरून उभी राहिली, आणि पुढचा शब्द तिच्या ओठांवर येण्याआधीच लालासाहेबांनी हात वर केला.

“कळलं मला, पोरी. तोंडानं सांगायची पाळी नको तुझ्यावर. उद्या गाडी जुंपतो. म्हायेराला जा.”

त्यांचा एकुलता एक मुलगा, चंद्राबाईचा नवरा नाथाजी इटलीच्या लढाईत पडला, त्याला वर्ष होत आलं होतं. रहिमतपूरजवळच्या त्या घरात सासरा आणि सून अशी दोनच माणसं उरली होती. तिच्या हातच्या भाकरीवर, तिच्या पावलांच्या चाहुलीवरच म्हातारा जगत होता. पण तरण्या पोरीनं आपल्या सोबतीपायी का झुरावं, म्हणून त्यांनी काळजावर दगड ठेवला. निघताना ती रडली. ते अश्रू सुटकेचे आहेत असं त्यांनी मानलं, आणि सून न बोलताच तिच्या मनातलं आपण ओळखलं, हे चावडीवर चारचौघांना गहिवरून सांगितलंही.

पुढच्या उन्हाळ्यात आटपाडीच्या जनावरांच्या बाजाराला गेले, तेव्हा तिच्यासाठी लुगडं घेऊन ते व्याह्यांच्या दारात उभे राहिले. तिचा भाऊ आकाराम त्यांना ‘बसा’सुद्धा म्हणाला नाही. सासऱ्यानं घालवून दिली म्हणजे पोरीचंच काहीतरी वावगं असणार, असं इथलं गाव वर्षभर बोलतंय, हे त्यानं दारातच ऐकवलं. भावजय पाणवठ्यावर तिच्याबरोबर जायलाही लाजत होती.

“मी तर तिच्याच भल्यासाठी…” लालासाहेब उसळून बोलू लागले, तोच डोक्यावर हंडा घेऊन चंद्राबाई आत आली. किती वाळली होती ती! त्यांना पाहून तिचे ओठ हलले, आणि मामंजी बोलताहेत म्हणून ती सवयीनं गप्प राहिली. ते गप्प राहणं त्यांना प्रथमच दिसलं…

“त्या दिवशी तुला काय सांगायचं व्हतं?” त्यांनी विचारलं.

तिनं हंडा खाली उतरवला, पदरानं तोंड पुसलं. दोनदा त्यांच्या जिभेवर शब्द आले. दोन्ही वेळा त्यांनी ते गिळले.

“मला म्हायेरी यायचंच नव्हतं, मामंजी. मला ह्यांच्याविषयी बोलायचं व्हतं. तार आली तवापासनं घरात कुणी नावच काढलं न्हाई. मी काढायला गेले, की तुमी बैलांचं काढायचा, उसाच्या पाण्याचं काढायचा. मला ह्यांचा आवाज इसरायला लागला व्हता… तुमी त्यो ह्यांच्या ल्हानपणापासनं ऐकलेला. वाटलं, आपण दोघं बसून बोललो, तर आवाज तरी ऱ्हाईल.”

लालासाहेबांची मान खाली गेली. तिच्या भल्यासाठी? तिच्या तोंडून नाथाजीचं नाव ऐकायची छाती नव्हती, म्हणून त्यांनी तिला दूर लोटलं होतं, आणि त्या भित्रेपणाला त्याग म्हणून वर्षभर मिरवलं होतं.

“तुझ्यासाठी न्हाई, पोरी, माझ्यासाठी धाडलं तुला,” ते आकारामच्या देखतच म्हणाले. “तुझ्या अंगाला काय वावगं न्हाई, हे मी सगळ्या गावाम्होरं सांगीन. पर आता तुझ्या मनात काय हाय, ते तूच सांग.”

आणि ते जमिनीवर बसून राहिले.

ती अडखळत बोलू लागली. नाथाजी रजेवर आला की पोहऱ्यानं पाणी काढताना कसा शीळ घालायचा, तिला हसवायला पलटणीतल्या गोऱ्या साहेबाची नक्कल कशी करायचा… बापाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. प्रत्येक शब्द त्यांच्या काळजात रुतत होता, तरी त्यांनी मान फिरवली नाही. आकाराम केव्हा येऊन शेजारी टेकला, कुणाला कळलं नाही.

उन्हं कलली तेव्हा चंद्राबाई उठली, आत गेली आणि आपलं गाठोडं बांधून उंबऱ्याशी आली.

“बाकीचं घरी सांगते, मामंजी,” ती म्हणाली.