उंबरघळीतला पहिला डोह

"काका, आता खडे टोचतील हं," म्हणत हर्षाली बांडेने तलावाच्या काठावर पाऊल टाकलं, तसा तिच्या कानातल्या यंत्रातून हसण्याचा आवाज आला.

"टोचू देत. वर्षभरात मला काही टोचलेलं नाही."

भंडारदऱ्यापासून दीडशे किलोमीटरवर, पुण्यातल्या घरी, श्रीरंग टिळेकर हातमोजे घालून खुर्चीत बसले होते. मधुमेहाने आधी त्यांच्या पावलांतली संवेदना नेली, मग दृष्टी. तळहात तेवढे शाबूत होते. हर्षालीच्या बुटांतला पातळ 'स्पर्शतळवा' जमिनीचा दाब, खरखरीतपणा आणि तापमान टिपून पाठवायचा, आणि ते सारं त्याच क्षणी हातमोज्यांतून त्यांच्या तळहातांवर उमटायचं. तिच्या टाचेखालचा खडा त्यांना मनगटाजवळ टोचायचा. तीन वर्षांत हर्षालीने असे चारेकशे प्रवासी बसल्या जागी फिरवले होते. सकाळी तलाव, दुपारी घळ, ऊन कलायच्या आत परत.

काकांना मात्र तलावात रस नव्हता. "पहिला डोह कधी येतो?" त्यांनी चौथ्यांदा विचारलं.

"घळीच्या तोंडाशीच. पळून चाललाय व्हय डोह?"

"पंचेचाळीस वर्षं थांबलोय गं. लग्न झाल्या झाल्या चित्राला तिथे नेलं होतं. कमरेएवढं पाणी, तळाशी निसरडे धोंडे. माझा हात घट्ट धरून, दात वाजवत म्हणाली, 'लोक बायकोला महाबळेश्वरला नेतात, तुम्ही मला बर्फात घातलंत!'" ते थांबले. "आता तिचा आवाज नीट आठवत नाही. ते पाणी आठवतं. परत लागलं, तर कदाचित आवाजही..."

हर्षालीने चाल वाढवली.

दुपारी घळीच्या तोंडाशी ती वाकली, बूट काढले आणि नाड्या बांधून खांद्यावर टाकले. गावच्या रितीप्रमाणे उंबरघळीच्या डोहात पायताण घालून कुणी जात नाही. तिची आजी गेली नव्हती, तीही कधी गेली नाही. हात सवयीनेच बुटांकडे जायचे.

कातळाचं वळण ओलांडलं आणि ती थबकली. मागच्या आठवड्यात इथे घोटाभर पाणी होतं. आज तळाचा गाळ तडकून खापऱ्यांसारखा उलटला होता. नुकता कुठे मार्च लागला होता. काकांना कसं सांगावं या विचारातच तिने पाऊल टाकलं. गाळ कुरकुरला.

"आहाहा!" काका कानात ओरडले. "पोरी, काय गार आहे गं! तेच पाणी. तस्संच!"

हर्षालीने खाली पाहिलं. मग खांद्यावर लोंबणाऱ्या बुटांकडे.

प्रशिक्षणात कुणीतरी जाता जाता सांगितलं होतं, की संदेश तुटला तरी घाबरायचं नाही, हातमोज्यांचं यंत्र आपणहून पोकळी भरून काढतं. नकाशावर डोह असला की साठवलेल्या पाण्याचा स्पर्श देतं. बूट पायातून निघाले की संदेश तुटतो, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं; ते पाणी कुठलं, हेही तिने विचारलं नव्हतं. सगळे प्रवासी याच डोहाचं कौतुक करायचे आणि ती ते अंगावर मिरवायची. आणि त्यांतल्या एकालाही हे पाणी कधी लागलंच नव्हतं.

काका रडत होते. गप्प राहणं सोपं होतं. कंपनीलाही तेच आवडलं असतं.

"कुठवर आहे गं पाणी आज? चित्राच्या कमरेला लागलं होतं."

हर्षालीच्या घोट्यांवर पांढरी धूळ बसली होती.

"काका," ती म्हणाली, "पाणी न्हाई."

तिने बुटांचं सांगितलं, यंत्राचं सांगितलं.

"मग मघाशी मला लागलं, ते कुणाचं पाणी?"

"कुणाचंच न्हाई."

"तुझ्या पायाखाली काय आहे?"

"ढेकळं."

"मग मला तीच दे."

डोह कोरडा असला तरी त्यात बूट घालणं शक्य नव्हतं. ती गाळात बसली, बुटांतून दोन्ही स्पर्शतळवे उपसून काढले, आपल्या तळहातांना ओढणीने बांधले आणि हात जमिनीवर टेकवले.

"पापडासारखं मोडतंय," काका हळूच म्हणाले. "चित्रा म्हणाली असती, 'दुसऱ्यांदा आणलंत, तेही तव्यावर!'"

हर्षाली हसली आणि हसता हसता उकरू लागली. वरचा थर तापलेला. मनगटापर्यंत खोल गेल्यावर निवलेला. त्याखाली बारीक वाळू, कोरडीच. तिची नखं दुखायला लागली.

"थांब," काका म्हणाले. तीही त्याच क्षणी थांबली होती.

तिने दोन्ही हात तिथे दाबून धरले. काका अगदी हळू म्हणाले, "गार आहे. हे खरं ना?"

"माझी बोटं काळी झालीत, काका. वाळू ओली हाय."

"किती खोल गेलीस?"

"कोपरापर्यंत."

घळीत वर कुठेतरी एक दगड सुटला आणि गडगडत शांत झाला. काकांनी पुण्यात हात उचलले नसावेत. तिनेही उचलले नाहीत.

"हर्षाली," त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षी किती खणावं लागेल गं?"