नाल्यावरची हाक

ही गोष्ट माझी नाही, पोट्टेहो. माझ्या गोष्टीतला वाघ दरवेळी हातभर वाढतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. ही देवमनची. तो मेळघाटात सरकारी ॲम्ब्युलन्स चालवतो आणि त्याला एक थाप धड मारता येत नाही.

यंदाच्या जानेवारीतली एकोणीस तारीख. रात्री साडेदहाला तो आणि नर्स कौशल्याबाई कोरकूंच्या एका वस्तीवर सहा दिवसांचं पोर न्यायला पोचले. पोराचं पोट फुगलेलं. गाडीतल्या वजनकाट्याच्या झोळीत घातलं, तर सोळाशे ग्रॅम. चुलीत विळा लाल होत होता. आजी पोटावर डाग देणार होती. कौशल्याबाईंनी विळा उचलून पाण्यात बुडवला.

"दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवू, आजी. वाचते ते."

म्हातारीनं विझला विळा पाण्यातून काढून बाजूला ठेवला. मग देवमनला म्हणाली, "बाईचं मी आयकलं. आता तू माहं एक आयक. नाल्यावर थांब, पोराले हाक मार. लहान जीव पाण्याले भेते, मागंच राह्यते."

"नाव काय त्याचं?"

"ठेवलं कुठं अजून? बाळ म्हण."

"मारतो, आजी."

आई पोराला छातीशी धरून मागे बसली. नाला आला. देवमननं ब्रेकवर पाय ठेवला.

"काहून थांबून राहिले, भाऊ?" कौशल्याबाई मागून ओरडल्या. "श्वास तुटून राहिला त्याचा!"

पाय उचलला. गाडी पार झाली.

चढावर पोराचं कण्हणं थांबलं...

दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मग फक्त घड्याळ पाहिलं.

कौशल्याबाई त्या आईजवळ थांबल्या. देवमन एकटा वस्तीकडे परतला. पावणेतीनला नाला आला. या वेळी तो थांबला. शब्द दिला होता ना. खाली उतरला.

"बाळ..."

पाण्याचा आवाज बंद.

"ये रे, बाळ..."

काही नाही. तो वळला. गाडीचं मागचं दार उघडं. त्यानंच लावलेलं. आत आकड्याला वजनकाटा लटकत होता. रिकामी झोळी हलली... हळूच. मग खाली ताणली.

सुई सरकली. हजार. दीड हजार. सोळाशे.

देवमन दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. काय उचलायचं? कोणाजवळ न्यायचं?

...

ऑफिसनं तो काटा बदलून दिला. नवा, सीलबंद. दुसऱ्या कुठल्याही गाडीत टांगा, सुई शून्यावर.

देवमनच्या गाडीत सोळाशे.