अकरा सेंटिमीटर

डॉ. मृण्मयी टिळेकरच्या टेबलावर एक्केचाळीस फायली होत्या. एक्केचाळीस प्रौढ माणसं, सगळ्यांना एकच जनुकीय विकार: अशंका. यांना कुणी परकं वाटतच नाही. जो हाक मारील त्याच्यामागे चालू लागतात. अडतीस जण अजून कुणाच्या तरी देखरेखीखाली होते. तिघे मात्र एकटे राहत होते, नोकरी करत होते.

"या तिघांत सारखं काय?"

"दगा," तिचे वरिष्ठ सहकारी डॉ. तांबट म्हणाले. "सात वर्षं पूर्ण होण्याआधी झालेला. एकाला आजोबांनी जत्रेत सोडलं, एकीला आईनं वसतिगृहात. तिसऱ्याला थोरल्या भावानं. परक्यानं फसवलं तर या मेंदूत नोंदच होत नाही. सगळ्यांत लाडक्या माणसानं फसवलं, तरच शंकाकेंद्र जागं होतं. सातनंतर तेही नाही."

मृण्मयीची मुलगी शर्वी पावणेसात वर्षांची होती. तिलाही अशंका होती. परका माणूस समोर आला, की इतर मुलं नव्वद सेंटिमीटरवर थांबत. शर्वी अकरावर. आपल्यामागे हिचं काय होणार, हा विचार मृण्मयीची पाठ सोडत नसे.

रविवारी तिनं शर्वीला बसस्थानकातल्या बाकावर बसवलं. "पाच मिनिटांत आले हं."

चार तास मृण्मयी स्थानकाच्या कॅमेऱ्यातून बघत राहिली. शर्वी एका अनोळखी बाईच्या मांडीवर बसून बिस्किटं खात होती.

सोमवारचं मापन: अकरा.

"म्हणजे सिद्धांत चुकला."

"सिद्धांत बरोबर आहे," तांबट तिच्याकडे न बघता म्हणाले. "माणूस चुकला."

शर्वी तीन महिन्यांची असल्यापासून तिला शेवंतामावशी सांभाळत होत्या.

"तिला असं सोडून यायला नका सांगू बाई," मावशींनी हात जोडले. "माझा पदर धरून झोपतं लेकरू."

"मीपण केलंच ना?"

"तुमचं वेगळं."

पुढच्या रविवारी तोच बाक, तीच पाच मिनिटं. एक बाई बिस्किटं घेऊन जवळ आली, तशी शर्वी मागे सरली. मग रस्त्याकडे तोंड करून, आवाज बसेपर्यंत मावशींना हाका मारत राहिली.

सोमवारी तांबटांनी पुन्हा मापन घेतलं. आधी एक परका माणूस आत पाठवला, मग मृण्मयीला.

परका माणूस: ब्याण्णव सेंटिमीटर.

आई: ब्याण्णव सेंटिमीटर.